बोटीवर चढण्याचा हक्क

नोव्हेंबर १९४३. अमेरिकेची 'आयोवा' ही युद्धनौका अटलांटिक ओलांडून अल्जीरियाकडे निघाली होती. तोफा, जाड चिलखती पत्रे आणि हजारो खलाशी यांनी भरलेल्या त्या जहाजावर एका केबिनमध्ये चक्क आंघोळीचा टब बसवलेला होता. एका डेकवरून दुसऱ्या डेकवर जायला खास लिफ्टही केलेली होती. दोन्ही सोयी एकाच प्रवाशासाठी होत्या : राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आलेल्या आजारपणाने त्यांचे पाय कायमचे लुळे केले होते. त्याच पायांनी ते आता चर्चिल आणि स्टालिन यांना भेटायला कैरो-तेहरानच्या दिशेने चालले होते. वाटेत सोबतच्या 'विल्यम डी. पोर्टर' या विनाशिकेने सरावाच्या भरात आयोवावरच खरा टॉर्पेडो सोडला. आयोवाने तातडीने वळण घेतलं आणि टॉर्पेडो तिच्या मागे पाण्यातच फुटला. तो येताना पाहायचा म्हणून रूझवेल्टनी आपली चाकांची खुर्ची कठड्याजवळ न्यायला सांगितली, असं सांगतात. आयोवा आज लॉस एंजेलिसच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तो टबही तिथे पाहायला मिळतो.

एका माणसासाठी युद्धनौका बदलता येते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. बाकीच्यांसाठी मात्र बोट तशीच राहिली. ज्याला चालता येत नाही त्याने कुणाच्या तरी हातांवर चढायचं, नाहीतर किनाऱ्यावर राहायचं. त्यात बदल व्हायला आणखी अर्धं शतक लागलं.

अडचणीची सुरुवात कुणाच्या दुष्टपणातून झाली नव्हती. बोटीच्या दाराला उंच उंबरठा असतो तो लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून. इंग्रजी दर्यावर्दी त्याला 'कोमिंग' म्हणतात. जहाजात किती भार भरावा हे ठरवणाऱ्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात उघड्या डेकवरच्या अनेक दारांसाठी हा उंबरठा किमान ३८० मिलिमीटर असावा असं म्हटलं आहे. म्हणजे जवळजवळ सव्वा फूट. बोळ अरुंद, कारण जागा महाग. जिने उभे, कारण त्यांनाही जागा कमीच. समुद्राला तोंड द्यायला हे सगळं लागतं. पण चाकांच्या खुर्चीला सव्वा फुटांचा उंबरठा ही भिंतच असते.

लिफ्ट बोटीवर आली ती १९०५ मध्ये, जर्मनांच्या 'अमेरिका' या प्रवासी जहाजावर. १९१२ च्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गासाठी तीन लिफ्ट होत्या, दुसऱ्या वर्गासाठी एक. तिसऱ्या वर्गासाठी एकही नाही. लिफ्ट ही श्रीमंतांची चैन होती. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसाठी ती आहे, असा विचार कुणी केला नव्हता.

तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तर त्याहून मोठी धास्ती होती. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून स्थलांतरितांची तपासणी होत असे. बोटीतून उतरलेली माणसं सामानसुमान घेऊन मोठ्या दालनाचा जिना चढत आणि वर उभे असलेले डॉक्टर त्यांच्याकडे टक लावून पाहत. कोण लंगडतो, कुणाला धाप लागते, कुणाची पाठ वाकडी आहे. शंका आली की अंगावरच्या कोटावर खडूने खूण : लंगडेपणाला एक अक्षर, पाठीला दुसरं, हृदयाला तिसरं. १८८२ च्या कायद्यानेच स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्यांना मज्जाव केला होता. १९०७ मध्ये शारीरिक व्यंगामुळे पोट भरता येणार नाही असं वाटणाऱ्यांचीही त्यात भर पडली. परत पाठवलेल्या प्रवाशाचा खर्च बोट कंपनीच्या माथी बसे. त्यामुळे युरोपातल्या बंदरांवरच कंपन्या माणसं पारखून घेऊ लागल्या. दुबळा प्रवासी म्हणजे तोटा, हा हिशेब बोटीच्या धंद्यात तेव्हा पक्का बसला आणि कायदे बदलल्यावरही बराच काळ टिकला.

आपल्या किनाऱ्यावर चित्र वेगळं होतं, पण मूळ प्रश्न तोच. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागू शकत नसत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि चाकरमानी, लेकुरवाळ्या, बोचकी, ट्रंका असं सगळं पडावात उतरे. पडावही पार किनाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. ओहोटी असली की उरलेलं अंतर गुडघाभर पाण्यातून. तरुण पुरुष धोतर खोचून उतरत. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना खलाशी खांद्यावर किंवा पाठीवर घेऊन कोरड्या वाळूत ठेवत. या मदतीत माया होती. किती तरी जणांचं गाव त्या खांद्यांमुळेच त्यांना दिसलं. पण ती मिळणं खलाशाच्या मर्जीवर आणि समुद्राच्या लहरीवर होतं आणि उचलून नेलं जाताना माणसाला लाज वाटते की भीती, हे विचारायची पद्धत नव्हती.

१९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिकपार प्रवासी नेऊ लागली. काही वर्षांतच मोठ्या प्रवासी जहाजांचं दिवाळं वाजलं आणि त्याच सुमाराला मायामीच्या बंदरातून क्रूझचा नवा धंदा उभा राहिला. आता बोटीचा उपयोग कुठे तरी पोचण्यासाठी नव्हता. बोटीवर राहणं हाच प्रवास झाला. ही सुट्टी परवडणारं गिऱ्हाईक बहुतांशी निवृत्त माणसांचं होतं. काठी, वॉकर, चाकांची खुर्ची यांच्याशी ज्यांचा संबंध येणारच, अशा माणसांवर एक अख्खा धंदा उभा राहिला आणि तरी त्याची जहाजं तरण्याताठ्यांसाठी बांधलेली राहिली.

वेगळ्या वाटेने गेले ते इंग्लंडमधले काही हौशी दर्यावर्दी. १९७८ मध्ये त्यांनी 'ज्युबिली सेलिंग ट्रस्ट' काढला. अपंग माणसांना प्रवासी म्हणून न्यायचं नाही, शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून घ्यायचं, ही त्यांची जिद्द होती. १९८६ मध्ये 'लॉर्ड नेल्सन' हे त्यांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज पहिल्या सफरीला निघालं. नाव ज्याचं दिलं त्या आरमारप्रमुखाचा एक हात गेलेला आणि एका डोळ्याची नजर गेलेली होती. या जहाजाचे डेक सपाट आणि रुंद होते, चढ-उतरायला लिफ्ट होत्या आणि अंध सुकाणूधाऱ्यासाठी दिशा बोलून सांगणारं होकायंत्र होतं. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला दोरखंडांनी खुर्चीसकट डोलकाठीवर चढवता येत असे. 'टेनेशियस' हे त्यांचं दुसरं जहाज २००० साली पाण्यात उतरलं. ते साउदॅम्प्टनला बांधताना धडधाकट आणि अपंग स्वयंसेवक खांद्याला खांदा लावून लाकूडकाम करत होते. पैशांअभावी ही संस्था २०२३ मध्ये बंद पडली, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे. पण सुरुवातीपासून मनात धरलं तर समुद्राला तोंड देणारं जहाजही सर्वांसाठी बांधता येतं, हे तिने दाखवून दिलं.

व्यापारी क्रूझला ते शिकवायला कोर्टच लागलं.

२६ जुलै १९९० रोजी थोरल्या बुशनी अमेरिकन अपंग नागरिकांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. हॉटेलं, दुकानं, बसगाड्या यांत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. मायामीहून सुटणाऱ्या क्रूझ कंपन्यांचं म्हणणं मात्र असं की आमची जहाजं बहामा, पनामा, लायबेरिया यांच्या झेंड्याखाली चालतात, तेव्हा हा कायदा आमच्या डेकवर चढत नाही. प्रवासी अमेरिकन, बंदर अमेरिकन, जाहिराती अमेरिकन, पण झेंडा परका. व्हीलचेअरसाठी योग्य असं सांगून जास्त पैसे घेतलेली केबिन प्रत्यक्षात तशी नव्हती, अशी तक्रार घेऊन एक बाई कोर्टात गेल्या आणि २००० मध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने कायदा परक्या झेंड्याच्या क्रूझलाही लागू आहे असं ठरवलं. टेक्सासकडच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात नेमका उलट निकाल दिला.

हा दुसरा खटला म्हणजे 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन'. काही अपंग प्रवासी आणि त्यांचे सोबती १९९८ आणि १९९९ मध्ये ह्यूस्टनहून क्रूझवर गेले होते. त्यांच्या तक्रारी वाचल्या की एलिस बेटावरचा तो जुना हिशेब आठवतो. चांगल्या ठिकाणच्या बहुतेक केबिनमध्ये खुर्ची शिरत नाही. अपंग प्रवाशाकडून जादा पैसे घेतले जातात. त्याने सोबती आणलाच पाहिजे आणि काही वैद्यकीय अडचण आली तर कंपनीला जबाबदार धरणार नाही असं लिहून दिलं पाहिजे. त्याच्या असण्याने इतर प्रवाशांच्या सुखात बाधा येत असेल तर त्याला बोटीवरून उतरवायचा अधिकार कंपनी राखून ठेवते. संकटात सुटकेची सामग्रीही अशा जागी आहे जिथे तो पोचूच शकत नाही. यातली शेवटची तक्रार सर्वांत गंभीर. आणीबाणीत बोट सोडून जायचं असतं तेव्हा लिफ्टवर भिस्त ठेवता येत नाही आणि जिना तर त्याच्या कामाचाच नाही.

६ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्तींत एकमत नव्हतं. मुख्य निकाल न्यायमूर्ती केनेडींनी लिहिला. अमेरिकेच्या पाण्यात असलेल्या परक्या झेंड्याच्या क्रूझला हा कायदा लागू आहे, असा त्याचा गाभा. भाडं, तिकिटाच्या अटी, सुटकेची व्यवस्था या गोष्टी जहाजाचा घरगुती मामला ठरत नाहीत. मात्र उंबरठे काढणं किंवा जहाजाची रचनाच बदलणं सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या आड येत असेल, तर कायदा तशी सक्ती करत नाही. समुद्राने घातलेली अट आणि कंपनीने घातलेली अट वेगळ्या आहेत, हे त्यातून कायद्याच्या भाषेत स्पष्ट झालं आणि इतकी वर्षं समुद्राच्या नावावर खपवलेल्या किती तरी अटी उघड्या पडल्या.

पुढची पावलं त्या मानाने झटपट पडली. अमेरिकेने २०१० मध्ये नियम करून अपंगत्वामुळे प्रवास नाकारायला आणि त्यासाठी जादा पैसे घ्यायला मनाई केली. युरोपीय संघाचा नियम डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. ४८ तास आधी कळवलं की बंदरावर आणि बोटीवर मदत फुकट मिळायला हवी, असं तो सांगतो. नव्या जहाजांचे आराखडेच वेगळे निघू लागले : रुंद दारं, उंबरठा नसलेलं न्हाणीघर, चाकांसाठी छोटे उतार, पोहण्याच्या तलावावर माणसाला पाण्यात सोडणारी खुर्ची.

आज क्रूझ ठरवताना व्हीलचेअर वापरणारा प्रवासी एक अर्ज भरतो. खुर्चीची रुंदी किती, बॅटरी कोणती, गाडीपासून केबिनपर्यंत ढकलायला माणूस हवा का, सगळं त्यात. बंदरावर कर्मचारी त्याला नेतो आणि शेवटच्या दिवशी परत आणतो. मधल्या दिवसांसाठी खुर्ची बहुधा स्वतःची लागते आणि अंघोळ-कपडे यांना कंपनीचा माणूस येत नाही. खुर्ची रात्री बोळात ठेवता येत नाही, कारण आग लागली तर तीच वाट अडवेल. म्हणून केबिनच तेवढी मोठी मिळायला हवी आणि तशा केबिन थोड्या असल्याने त्या फार आधी भरतात.

पण जिथे धक्का नाही तिथे काळ अजून थबकलेलाच आहे. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटासमोर मोठी जहाजं नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवासी छोट्या होड्यांतून किनाऱ्याला जातात. होडी हलते, फळी वरखाली होते. समुद्र खवळलेला असला की व्हीलचेअरवाल्याला होडीत घ्यायचं की नाही हे कप्तान ठरवतो. नाही म्हटलं तर तो दिवस डेकवरून बेट बघण्यात जातो. कोट्यवधी डॉलर खर्चून बांधलेल्या जहाजाचा हा शेवटचा टप्पा कोकणातल्या पडावाहून फारसा पुढे गेलेला नाही.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने रेल्वे, बस आणि विमानांबरोबर जहाजंही सुलभ करायला सांगितलं होतं. ते 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' करायचं होतं आणि त्या मर्यादेआडच बरंचसं राहून गेलं. २०१६ च्या कायद्याने ती जबाबदारी अधिक ठामपणे मांडली. तरी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीच्या लाँचमध्ये चढायचं म्हणजे आजही ओल्या पायऱ्या उतरायच्या, बोटवाल्याने पुढे केलेला हात धरायचा आणि कधी कधी एका लाँचमधून दुसरीत पाऊल टाकायचं. भाऊच्या धक्क्याहून मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली. मोटारी आत जाव्यात म्हणून तिला रुंद उतार आहे. त्याच उतारावरून व्हीलचेअरही आत जाऊ शकते, कुणाच्या खांद्यावर न बसता.