समुद्रातून तलावात आलेली बुडी

फ्रीडायव्हिंग, म्हणजे हवेच्या टाकीशिवाय एका दमावर मारलेली बुडी, आज नवशिक्यांना बहुधा जलतरण तलावात शिकवतात. ही सोय अलीकडची. त्याआधी शतकानुशतके ही विद्या पोटापाण्याची होती. ग्रीक बेटांवरचे स्पंज काढणारे, मन्नारच्या आखातातले मोतीवाले, जपानच्या आमा आणि कोरियातील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया घरच्या जाणत्यांबरोबर समुद्रात उतरत आणि पाहून पाहून तयार होत.

अभ्यासकांना या लोकांचे कोडेच होते. १९१३ मध्ये कार्पाथोस बेटाजवळ एका इटालियन युद्धनौकेचा नांगर तुटून तळाशी गेला. सिमी बेटावरच्या स्टाथिस हाट्झिस या स्पंजवाल्याने ७० मीटरहून खोल उतरून त्याला दोर बांधला. नौदलाच्या डॉक्टरांनी त्याला तपासले, तेव्हा त्याचे कान आधीच निकामी झालेले आढळले. जमिनीवर तर त्याला फार वेळ दमही धरता येईना. हिशेबाने एवढी खोल बुडी अशक्य होती. ३० मीटरवर दाब चौपट होतो आणि फुप्फुसातली हवा एक चतुर्थांशावर येते. त्याखाली छातीचा पिंजरा चेपला जाईल, असे मानले जाई. १९४९ मध्ये रायमोंदो बूखेर कॅप्रीजवळ ३० मीटरवर जाऊन सुखरूप वर आला, तरी नवी मर्यादा सांगणारे निघालेच.

उत्तर मिळायला अमेरिकी नौदलाचा एक उंच हौद उपयोगी पडला. कनेक्टिकटमधील न्यू लंडन येथे बुडालेल्या पाणबुडीतून निसटण्याचे शिक्षण देण्यासाठी सुमारे ३६ मीटर उंचीचा हौद होता आणि रॉबर्ट क्रॉफ्ट तिथे शिक्षक होता. त्याच्यावर केलेल्या मोजमापांचे निष्कर्ष कार्ल शेफर व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. खोल पाण्यात हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि आक्रसलेल्या हवेची जागा भरून काढते, म्हणून छाती चेपत नाही. १९७६ मध्ये ४९ वर्षांच्या जाक मायोलने एल्बा बेटाजवळ १०० मीटरचा टप्पा गाठला.

तलावातल्या शिक्षणाचा पाया मात्र या विक्रमांनी घातलेला नाही. तो घातला उथळ पाण्यातल्या मृत्यूंनी. चांगले पोहणारे, धडधाकट तरुण पाण्याखालून जास्तीत जास्त लांब जाण्याच्या नादात तलावातच बेशुद्ध पडत. अल्बर्ट क्रेग या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये याची उकल केली. श्वास घेण्याची तगमग सुरू होते ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन घटल्याची जाणीव फार क्षीण असते. बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, पण ऑक्सिजनचा साठा जवळजवळ तेवढाच राहतो. मग तगमग उशिरा होते आणि तिच्याआधीच शुद्ध हरपते. कंबरभर पाण्यातही माणूस बुडतो तो यामुळे. त्याला आधी काही कळतसुद्धा नाही, हे यातले सर्वांत भयंकर.

या ज्ञानाचा रीतसर अभ्यासक्रम व्हायला आणखी तीस वर्षे लागली. १९७० मध्ये पाण्याखालच्या खेळांच्या जागतिक महासंघाने खोलीच्या विक्रमांना मान्यता देणे धोक्याचे ठरवून थांबवले. १९८८ मध्ये ल्यूक बेसाँच्या ‘द बिग ब्लू’ चित्रपटाने या खेळाचे वेड पुन्हा पसरवले आणि १९९२ मध्ये फ्रान्समधील नीस येथे ‘आयडा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने स्पर्धांचे नियम बांधले, पुढे शिक्षणाच्या पायऱ्याही आखल्या. अशाच पायऱ्या इतर संस्थांनीही काढल्या.

तलावातल्या वर्गात क्रेगचा धडा पहिल्याच दिवशी येतो: भराभर श्वास घ्यायचे नाहीत आणि एकट्याने कधीच सराव करायचा नाही. विद्यार्थी पाण्यावर पालथा तरंगत दम धरतो. जोडीदार शेजारी उभा राहून ठरल्या वेळी त्याला स्पर्श करतो आणि विद्यार्थी बोट हलवून शुद्धीत असल्याचे कळवतो. नंतर फिन्स लावून पाण्याखालून आडवे अंतर कापायचे. वर आल्यावर आधी सावरण्याचे श्वास. स्पर्धकाला तर १५ सेकंदांत मुखवटा काढून, हाताने खूण करून, ठीक असल्याचे तोंडाने सांगावे लागते. बचावाचा क्रमही ठरलेला आहे: बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर धरायचे, मुखवटा काढायचा, चेहऱ्यावर फुंकर घालायची, गालावर थोपटायचे, नावाने हाक मारायची. हौशी मंडळींना हा भाग रटाळ वाटतो. सर्वाधिक घोटून घ्यायचा तोच. आयडाच्या दुसऱ्या पायरीसाठी दोन मिनिटे दम आणि पाण्याखालून ४० मीटर अंतर अपेक्षित असते. त्याच पायरीवर खुल्या पाण्यात दोराच्या आधाराने खोल उतरण्याचीही परीक्षा होते.