धूर-निदान, नौकेच्या डीझेल एंजिनाचे

नौकेच्या एंजिनातून निघणाऱ्या धुराचा रंग, वास व हवेतील टिकाव यांवरून दोष ओळखण्याची पद्धत.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते (पहा : डीझेल एंजिन). पहिले यशस्वी एंजिन रूडोल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालवले. १९१२ च्या ‘सेलांडिया’ या डॅनिश जहाजाने अशी एंजिने महासागरावर नेली.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. चोंदलेला हवागाळक, कोंदट एंजिनकक्ष वा बिघडलेला फवारक (इंजेक्टर) ही त्याची कारणे होत. परंतु दोष एंजिनाबाहेरही असू शकतो : तळावर चढलेले शिंपले, पंख्यात अडकलेले जाळे किंवा प्रमाणाबाहेर मोठा पंखा यांनीही भार वाढतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो (पहा : दट्ट्या-कडी, वंगण).

पांढऱ्या धुराचे निदान सर्वांत अवघड. न जळलेल्या इंधनाची वाफ रेंगाळते, डोळ्यांना झोंबते आणि पाण्यावर तेलाचा तवंग सोडते. थंड एंजिन, कमी दाब वा उशिरा होणारी फवारणी ही तिची कारणे. पाण्याची वाफ मात्र लवकर विरते. अनेक नौकांत निकासनळीत समुद्राचे पाणी सोडलेले असल्याने अशी वाफ दिसताच सिलिंडर-शीर्षाचे गॅस्केट फुटले, असे मानता येत नाही. आधी पाण्याची गाळणी व पंपाचा रबरी इम्पेलर तपासतात (पहा : शीतन). थंड हवेत थोडी वाफ स्वाभाविकच असते.

सदोष सिलिंडर शोधण्यासाठी एकेकाचा इंधनपुरवठा क्षणभर तोडतात. ज्याच्या वेळी धूर घटतो, तो संशयित.