महागडं स्केट बेअरिंग घ्यावं का?

थोडक्यात उत्तर: शिकत असाल किंवा हौसेनं खेळत असाल, तर नको. इनलाइन स्केटच्या जोडीला ८ चाकं, प्रत्येकात २, म्हणजे १६ बेअरिंग. नगामागे १०० रुपये जास्त दिले की सेटमागे १६०० रुपये गेले. आई-वडिलांकडे मागण्याआधी हा हिशोब बघा.

६०८ म्हणजे काय?
बहुतेक स्केटमध्ये ६०८ बेअरिंग असतं: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. तुमच्या जुन्या फिजेट स्पिनरच्या मधोमध साधारण हेच असायचं.

एबेक ९ म्हणजे जास्त वेग?
नाही. एबेक १, ३, ५, ७, ९ ही मापातल्या अचूकतेची अमेरिकन श्रेणी आहे. गोळ्या किती गुळगुळीत, पोलाद कसलं, ग्रीस कोणतं, हे त्यात मोजलंच जात नाही. ही अचूकता हजारो फेऱ्यांच्या यंत्रांत कामी येते. १०० मिमीचं चाक ताशी ३६ किमीला मिनिटाला जेमतेम १९०० फेरे घेतं. ६०८ ची क्षमता त्याच्या कितीतरी पट आहे.

मग वेग कुठे अडतो?
६० किलोच्या माणसाला बेअरिंगचं मूळ घर्षण साधारण ७ ग्रॅम वजनाएवढ्या जोरानं मागे ओढतं. ग्रीस आणि सीलमुळे त्यात थोडी भर पडते. चाक आणि रस्ता यांच्यातला रोध त्याच्या अनेक पट असतो. म्हणून पैसे आधी चांगल्या चाकांत घाला. हातानं चाक फिरवून 'किती वेळ फिरतंय' हे बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा त्यावर तुमचं वजन नसतं.

सिरॅमिक?
सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्या गंजत नाहीत. पण बहुतेकांत कडी पोलादाचीच असते, ती गंजतेच.

आमच्याकडे काय घ्यावं?
मी शिरूर अनंतपाळचा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यावर खरा शत्रू धूळ. म्हणून ६०८-२आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. झेडझेडला पत्र्याचं झाकण असतं, त्याच्या फटीतून बारीक धूळ शिरते. खरखर आली की सील टाचणीनं अलगद काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचे १-२ थेंब सोडा. विस्तवाजवळ हे करू नका.

महाग कधी परवडतं?
सेकंदाच्या छोट्या भागावर पदक ठरतं तेव्हा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे यांचा समावेश असलेल्या भारतीय संघानं ३००० मीटर रिलेत कांस्य जिंकलं. त्या पातळीला जाईपर्यंत उरलेले पैसे हेल्मेट आणि गुडघ्याच्या पॅडवर खर्च करा.