पाळीव प्राण्यांसह परदेशप्रवास (डहाणू व तलासरी)

डहाणू व तलासरी हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे तालुके आहेत. येथून पाळीव कुत्रा किंवा मांजर परदेशी नेण्यासाठी प्राण्याची ओळख पटवणारी चिप, रेबीजची लस, रक्तचाचणी, शासकीय आरोग्य प्रमाणपत्र व वाहतुकीची व्यवस्था असे टप्पे पूर्ण करावे लागतात. भारतात रेबीजचा प्रादुर्भाव असल्यामुळे अनेक देशांचे नियम भारतातून येणाऱ्या प्राण्यांसाठी कडक आहेत.

स्थानिक परिस्थिती

दोन्ही तालुक्यांत विमानतळ नाही. सर्वांत सोयीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ मुंबईत आहे. डहाणू रोड रेल्वेस्थानक पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, चर्चगेटपासून सुमारे १२० किलोमीटरवर असून तलासरी मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर (क्र. ४८) आहे. नेहमीचे लसीकरण जवळच्या पशुवैद्यकाकडे होऊ शकते. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र मात्र केंद्र शासनाच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या मुंबई कार्यालयातून घ्यावे लागते. त्यामुळे तपासणीसाठी प्राण्याला मुंबईस नेण्याचा वेळ नियोजनात धरावा लागतो.

पूर्वतयारीचा क्रम

प्रथम आंतरराष्ट्रीय मानकाची १५ अंकी मायक्रोचिप त्वचेखाली बसवली जाते. रेबीजची लस त्यानंतरच, प्राणी किमान १२ आठवड्यांचा झाल्यावर दिली जाते. चिपपूर्वी दिलेली लस युरोपीय संघ ग्राह्य धरत नाही आणि लसीकरण पुन्हा करावे लागते. हा क्रम चुकल्यास काही महिने वाया जाऊ शकतात.

युरोपीय संघात प्रवेशासाठी लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. त्यांचे प्रमाण प्रतिमिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नमुना घेतल्यापासून तीन महिने प्रतीक्षा करावी लागते. उदाहरणार्थ, १ जानेवारीला लस दिल्यास ३१ जानेवारीला नमुना घेता येतो आणि मेच्या आरंभापूर्वी प्रवेश मिळत नाही. पुढील लस मुदत संपण्यापूर्वी दिली नाही, तर ही चाचणीही पुन्हा करावी लागते.

देशनिहाय नियम

ब्रिटनमध्येही चाचणी व तीन महिन्यांची प्रतीक्षा आवश्यक आहे. शिवाय कुत्र्याला प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीविरोधी औषध द्यावे लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार कुत्रा किमान सहा महिन्यांचा व चिप बसवलेला असावा लागतो. भारतासारख्या जास्त जोखमीच्या देशात लस दिलेल्या कुत्र्याची ग्राह्य रक्तचाचणी नसल्यास त्याला २८ दिवस विलगीकरणात ठेवले जाते. जपानमध्ये रक्ताचा नमुना घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट आलेले कुत्रे व मांजरे स्वीकारत नाही. ते मान्यताप्राप्त तिसऱ्या देशामार्गे न्यावे लागतात.

नियमांची पूर्तता न झाल्यास प्राणी परत पाठवला जातो किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवला जातो. दोन्ही अशक्य असल्यास युरोपीय संघाच्या नियमांत अखेरचा उपाय म्हणून दयामरणाचीही तरतूद आहे.

प्रवास

पिंजऱ्यात प्राण्याला ताठ उभे राहता, वळता व आडवे होता आले पाहिजे. काही आठवडे आधीपासून घरातच पिंजऱ्याची सवय लावल्यास प्रवासातील भीती कमी होते. गुंगीच्या औषधामुळे उड्डाणात श्वसन व रक्तदाबावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते सहसा टाळले जाते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत श्वसनाचा त्रास होतो. अनेक विमान कंपन्या अशा जातींवर निर्बंध घालतात. किनारपट्टीवरील उन्हाळा लक्षात घेता विमानतळापर्यंतचा रस्त्याचा प्रवास पहाटे किंवा रात्री करणे हितावह ठरते.

इतर प्राणी

देशी पोपट व तारांकित कासव हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. ते घरी पाळणेही बेकायदेशीर असल्याने परदेशी नेता येत नाहीत.

परतीचा प्रवास

प्राण्याला भारतात परत आणण्यासाठी पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना हरकत प्रमाणपत्र आगमनापूर्वी घ्यावे लागते. त्यामुळे लसीकरणाच्या नोंदी व चाचणीचा मूळ अहवाल परदेशातील वास्तव्यातही जपून ठेवणे आवश्यक असते.