रेनल्ड्स, ऑझबर्न

रेनल्ड्स, ऑझबर्न : (२३ ऑगस्ट १८४२ – २१ फेब्रुवारी १९१२). ब्रिटिश अभियंते व द्रायुयामिकीचे संशोधक. नळातला प्रवाह कधी संथ राहतो व कधी घुसळला जातो, याचा निकष त्यांनी प्रयोगाने निश्चित केला.

जन्म बेलफास्ट येथे. वडील धर्मोपदेशक व शाळेचे मुख्याध्यापक. केंब्रिजचे गणिती असूनही शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याचा वडिलांना नाद होता. १८६१ मध्ये ऑझबर्न यांनी स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथील एडवर्ड हेझ यांच्या कारखान्यात उमेदवारी सुरू केली आणि त्यानंतर केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात प्रवेश घेतला (सातवे रँग्लर, १८६७). आधी कारखाना, मग गणित हा क्रम त्यांच्या सगळ्या कामात दिसतो. १८६८ मध्ये, पंचविशीत, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीच्या नव्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. तेथे ते १९०५ पर्यंत होते.

त्यांचे १८८३ सालचे उपकरण मँचेस्टर विद्यापीठाने जतन केले आहे. काचेच्या बाजूंची, ६ फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच खोल टाकी. आत सुमारे साडेचार फुटांची काचनळी, तिचे तोंड कर्ण्यासारखे पसरट. नळ्या तीन, व्यास सुमारे १, १/२ व १/४ इंच. टाकीतले पाणी पुरते स्थिरावू द्यायचे, मग झडप किंचित उघडून नळीच्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडायची. वेग कमी असेतो रंगाची रेघ नळीभर सरळ जाते. वेग वाढवत नेला की एका टप्प्याला ती अचानक फिसकटते व पुढची सगळी नळी रंगते. मात्र विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले, तर त्या रंगात सुटे भोवरे दिसतात. वेग, व्यास व घनता यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागून येणाऱ्या एककरहित संख्येवर हा बदल अवलंबून असतो. पाणी अगदी निश्चल ठेवले, तर रेघ सुमारे १३,००० पर्यंत टिकते. एरवी २,००० च्या आसपासच धोका सुरू होतो. शतकानंतर त्याच टाकीत प्रयोग केला, तेव्हा मँचेस्टरच्या रस्त्यांवरील वाहतुकीच्या हादऱ्यांमुळे वरची मर्यादा पुन्हा गाठता आली नाही.

दाबघटीची मोजणी या रंगीत रेघेइतकी प्रसिद्ध नाही, पण जलअभियंत्याच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. संथ प्रवाहात दाबघट वेगाच्या प्रमाणात, तर विक्षुब्ध प्रवाहात गुळगुळीत नळांत वेगाच्या सुमारे १.७२ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. वर सांगितलेली एककरहित संख्या स्टोक्स यांच्या १८५१ च्या विवेचनातही अभिप्रेत होती. त्यामुळे श्रेय कोणाला किती, याबद्दल एकमत नाही. तिला रेनल्ड्स यांचे नाव १९०८ मध्ये झोमरफेल्ड यांनी दिले.

आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बोशम टॉवर यांनी तेलासाठी भोक पाडले, तेव्हा त्यातून तेल वर येऊ लागले आणि मारलेली खुंटी बाहेर फेकली गेली. तेलाच्या पाचरीसारख्या थरात दाब निर्माण होऊन तोच भार पेलतो, हे रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने दाखवले. वंगणशास्त्राचा पाया हाच.

१८९५ च्या निबंधात त्यांनी विक्षुब्ध गतीची सरासरी व चढउतार अशी फोड केली. ‘रेनल्ड्स प्रतिबल’ ही संज्ञा त्यावरून आली. लेखन दुर्बोध, परीक्षक लँब यांनाही ते उमगायला जड गेले.

मर्सी नदीच्या मुखाची त्यांनी प्रतिकृती केली (१८८५). आडवे माप मैलास २ इंच, उभे ८० फुटांस १ इंच, भरतीचे चक्र सुमारे ४० सेकंदांचे. सपाट पसरलेल्या वाळूत भरती-ओहोटीने आपोआप खऱ्या मुखासारखे प्रवाहमार्ग कोरले गेले.

विरळ वायूंवरील संशोधनाच्या (१८७९) अग्रहक्कावरून मॅक्सवेल यांच्याशी त्यांचा वाद झाला. त्याच वर्षी मॅक्सवेल वारले.

अध्यापक म्हणून रेनल्ड्स बेशिस्त असावेत. त्यांचे विद्यार्थी जे. जे. टॉमसन यांच्या आठवणींनुसार, ते घाईने वर्गात येत, रँकिन यांचे अभियांत्रिकीचे पुस्तक उघडून एखादे सूत्र चूक ठरवत, वर्गाकडे पाठ करून फळ्यावर ते खोडू पाहत आणि अखेर रँकिनच बरोबर निघत.

रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १८७७. रॉयल पदक १८८८. विश्वरचनेवरील ग्रंथ (१९०३) फारसा स्वीकारला गेला नाही.

प्रकृती ढासळल्याने निवृत्ती. सॉमरसेटमधील वॉचेट येथे निधन.