'सेल्फ' घेत नाहीये! एका 'टक'चा इतिहास

जुलैचा पाऊस, बोईसरची सकाळ, तारापूर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट गाठायचीय आणि किल्ली फिरवली तर गाडी म्हणते, टक. नुसतं टक. शेजारचे काका खिडकीतूनच निदान सांगतात, "सेल्फ घेत नाहीये रे!"

हा 'सेल्फ' आला कुठून? सेल्फ-स्टार्टरमधून. म्हणजे त्याआधी गाडी आपली आपण सुरू होत नव्हती. बंपरजवळच्या भोकात लोखंडी हँडल घालायचं आणि इंजिन हाताने गरगर फिरवायचं. ठिणगी जरा आधी पडली की हँडल उलटं फिरायचं, आणि मनगट मोडायचं. म्हणून अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा ड्रायव्हरचा पहिला धडा होता.

त्यावर उपाय काढला अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याला कळलं होतं की छोटी मोटर दिवसभर नाही, पण काही क्षण प्रचंड जोर लावू शकते. हीच युक्ती 1912च्या कॅडिलॅकमध्ये आली. हँडल गेलं, पण त्याच्या जागी गाडीला एक नवी गरज चिकटली: बॅटरी.

इथेच आपल्या 'टक'चं उत्तर आहे. इंजिन फिरवायला त्या काही क्षणांत शंभराहून जास्त अँपिअर लागतात. डॅशबोर्डच्या दिव्यांना त्यामानाने काहीच लागत नाही. म्हणून "दिवे लागतायत, म्हणजे बॅटरी ओके" हे साफ चूक आहे, आणि त्यापायी लोक चांगला स्टार्टर बदलून बसतात. आधी हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. दिवे तसेच झगझगीत आणि फक्त टक, तर मग स्टार्टरवर संशय घ्या. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर ती आधी साफ करा. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या हवेत हे जास्तच.

गंमत म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र, 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं, तेही याच नियमात बसतं. अणुभट्टी सुरू करायची तर आधी पंप चालवावे लागतात, आणि ती वीज बाहेरच्या ग्रिडमधून घ्यावी लागते. अख्ख्या शहरांना वीज देणारं केंद्र, पण सेल्फ मारायला वीज बाहेरची!

आपल्याकडे मोटारी बनवायला मोठा हात लावला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना कुर्ल्याला. पुढे तिथली फियाट 'पद्मिनी' झाली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून 2023पर्यंत धावली. पद्मिनीचं दुखणं वेगळं. सेल्फ मस्त फिरायचा, इंजिन पेटायचं नाही. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरायची, कोरड्या फडक्याने पुसली की काम झालं. उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची, मग पंपावर ओलं फडकं. चोक जास्त ओढला की प्लग ओले. एक फडकं आणि एक पाना, एवढ्यावर माणूस मनोरवरून घरी यायचा.

आणि धक्का? धक्का म्हणजे तेच जुनं हँडल, फक्त ते चाकं फिरवतात. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की सोडा. पण आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोघांनाही वीज हवी. बॅटरी पार मेली असेल तर धक्क्याने फक्त ढकलणारे दमतील. ऑटोमॅटिकमध्ये तर त्या वाटेला जाऊच नका.

तिथे जंपर केबलच. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते.