सापाच्या डोळ्यातील हरवलेले दंड

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. सातारा-सांगलीकडच्या उसाच्या फडांत उंदरांमागे धावणारी धामणही विद्यार्थ्यांच्या ओळखीची असते. धामण शिकार करते ती मुख्यतः दिवसा. अशाच काही दिनचर सापांच्या डोळ्यांनी शास्त्रज्ञांना एक कोडे घातले होते. ते सुटायला ऐंशी वर्षे लागली.

दृष्टिपटलात अंधूक उजेडासाठी दंडपेशी आणि लख्ख प्रकाशासाठी शंकुपेशी असतात, असे आपण फळ्यावर आकृती काढून शिकवतो. अमेरिकेतील गार्टर सापांच्या दृष्टिपटलात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या शंकुपेशीच दिसत. मग दंड गेले कुठे? गॉर्डन वॉल्स यांनी 1934 मध्ये धाडसी कल्पना मांडली: उत्क्रांतीच्या ओघात एका प्रकारच्या पेशीचे रूपांतर दुसऱ्या प्रकारात होऊ शकते. परंतु त्यांच्या हाती पुरावा होता तो केवळ आकाराचा, आणि वाद होता तोही आकाराबद्दलच!

ओळख पटवण्याची दुसरी खूण तोवर सापडलेली होती. 1876 मध्ये फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या दृष्टिपटलात तांबडा रंग दिसला. उजेडात तो फिका पडे. हेच दंडपेशीतील ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन. पण एकेका पेशीत ते आहे की नाही, हे कसे पाहायचे?

येथे पुन्हा साप आठवावा. विषाची अल्प मात्रा घोड्याला टोचली की त्याच्या रक्तात त्या विषाला चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. सर्पदंशावरचे औषध ते हेच. (आपण त्याला 'लस' म्हणतो, पण ती लस नव्हे.) विषाऐवजी ऱ्होडॉप्सिन टोचले, तर त्याला चिकटणारी प्रतिद्रव्ये मिळतात. त्यांना चमकणारा रंग जोडण्याची युक्ती अल्बर्ट कून्स यांनी 1941 मध्ये दाखवली होती, ती न्यूमोनियाच्या जंतूंसाठी. अर्थात प्रतिद्रव्य कधीकधी मिळत्याजुळत्या भलत्याच प्रथिनालाही चिकटते. म्हणून दुसरा पुरावा लागतोच.

2016 मध्ये टोरोंटोतील बेलिंडा चँग यांच्या गटाने गार्टर सापाचे दृष्टिपटल असे रंगवले. शंकूसारख्या दिसणाऱ्या काही पेशी ऱ्होडॉप्सिनची खूण दाखवत उजळल्या. सोबत त्या सापाच्या ऱ्होडॉप्सिनचे जनुक वेगळे करून ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवले, तर तेही प्रकाशाला प्रतिसाद देणारे निघाले. दंड हरवले नव्हतेच, त्यांनी शंकूचे रूप घेतले होते.

वॉल्स यांचे निधन 1962 मध्येच झाले होते.